सव्वा महिन्याचं बाळ आणि दमणचा किल्ला

दोन फेब्रुवारी हा दिवस धाकटी डहाणूत कुणाच्याच पंचांगात नाही. गाव मांगेल्यांचं, दर्याचं. इथले सण म्हणजे नारळी पौर्णिमा, होळी आणि चैत्रातली महालक्ष्मीची जत्रा. त्यामुळे एका ख्रिस्ती सणासाठी मी मुंबईहून आलोय आणि मुक्काम मात्र या गावात ठोकलाय, हे सांगितल्यावर ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या घरात जरा हसू पिकलं. माझा हिशेब सरळ होता. सकाळी तलासरी, दुपारनंतर दमण, आणि आदल्या रात्री ताजा मासा.

डहाणूच्या खाडीच्या दक्षिण अंगाला ही वस्ती. पलीकडे डहाणू शहर आणि पोर्तुगीजांचा किल्ला, ज्यात पुढे सरकारी कचेऱ्या थाटल्या गेल्या. खाडीकाठी औष्णिक वीज केंद्राची चिमणी, पावणेतीनशे मीटरची. बोटी तिच्याकडे बघून दिशा धरतात, आणि तिच्या राखेला शिव्याही घालतात. दक्षिणेला चालत गेलं की वरोर आणि वाढवण. तिथल्या बंदराचं भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ रोजी झालं. १९९१ साली केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला होता, आणि याच बंदराला डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणाने १९९८ मध्ये नकार दिला होता. २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने होकार दिला. किनाऱ्यावर बोंबलाच्या वलांड्यांखालून वाकून जाताना दुसरा विषय कुणी काढत नाही. मी सणाचा काढला.

घरातल्या मावशी बोंबील निवडत होत्या. उद्या कसला सण, त्यांनी विचारलं. मी सांगू लागलो. नाताळला येशूचा जन्म, तिथपासून चाळीस दिवस मोजले की दोन फेब्रुवारी. यहुद्यांच्या धर्मशास्त्राप्रमाणे मुलगा झाल्यावर आईला चाळीस दिवस विटाळ. पहिले सात, मग तेहतीस. तो संपला की तिने मंदिरात जाऊन अर्पण द्यायचं आणि पहिला मुलगा असेल तर तो देवाच्या नावे करायचा. मरिया आणि योसेफ बाळाला घेऊन येरुशलेमच्या मंदिरात गेले, त्याचा हा सण.

"म्हणजे सव्वा महिना झाला नि पोराला देवाला घेऊन गेली," मावशी म्हणाल्या. "मग आम्ही काय वेगळं करतो?"

ग्रंथ चाळून मी जे जमवून आणलं होतं ते या बाईंनी हातातला बोंबील खाली न ठेवता सांगून टाकलं. मराठी घरात सव्वा महिना बाळंतीण उंबरा ओलांडत नाही, मग न्हाऊमाखू घालून बाळाला पहिलं देवदर्शन. या सणाचं जुनं नाव 'मरियेच्या शुद्धीकरणाचा सण' असंच होतं. मुलगी झाली तर यहुदी आईचे दिवस दुप्पट, म्हणजे ऐंशी, हेही मी मावशींना सांगितलं. त्या म्हणाल्या, बरं आहे, तेवढीच विश्रांती. लेवीय पुस्तकाच्या बाराव्या अध्यायावर इतकं व्यवहारी भाष्य मी कुठल्या टीकाग्रंथात वाचलेलं नाही.

त्याच अध्यायात अर्पणाचाही दर दिलेला आहे. एक वर्षाचं कोकरू आणि एक पाखरू. ज्याला कोकरू परवडत नाही त्याने दोन होले द्यावेत किंवा पारव्याची दोन पिल्लं. येशूचे आईबाप मंदिरात गेले तेव्हाचं वर्णन लूकलिखित शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात आहे, आणि तिथे कोकराचा उल्लेखच नाही, फक्त पाखरांचा आहे. हे जोडपं गरीब होतं, असं लूक कुठे म्हणत नाही, नुसती पावती दाखवतो. मला या सगळ्या कथेत हीच ओळ सगळ्यांत जास्त आवडते, आणि दुसऱ्या दिवशी दमणच्या तटाखाली उभा असताना तीच आठवत राहिली.

मंदिरात त्यांना दोन म्हातारी माणसं भेटतात. शिमोन, ज्याला वचन मिळालेलं असतं की तारणाऱ्याला पाहिल्याशिवाय तुला मरण नाही. आणि हन्ना, लग्नानंतर सात वर्षांत विधवा झालेली, चौऱ्याऐंशीची, मंदिर न सोडणारी. शिमोन बाळाला हातावर घेतो आणि म्हणतो की आता मला जाऊ दे, सगळ्या राष्ट्रांना उजेड देणारा प्रकाश मी डोळ्यांनी पाहिला. त्याचं हे छोटं स्तोत्र कॅथलिक धर्मगुरू आणि मठवासी आजही रोज रात्री झोपण्याआधी म्हणतात. पण शिमोन तिथे थांबत नाही. तो आईकडे वळतो आणि तिच्या काळजातून तलवार आरपार जाईल, असं सांगतो. सव्वा महिन्याचं लेकरू घेऊन देवळात आलेल्या पोरीला कुणी असं बोलतं का? मावशींना हे मी सांगितलं नाही.

शिमोनच्या त्या 'प्रकाश' शब्दावरून या दिवशी मेणबत्त्या आल्या. पण सण त्याहून जुना. चौथ्या शतकाच्या अखेरीस एगेरिया नावाची एक बाई, बहुधा स्पेनकडची, येरुशलेमच्या यात्रेला गेली आणि तिथे पाहिलेलं सगळं मैत्रिणींना लिहून कळवलं. त्या लेखनाची प्रत १८८४ मध्ये इटलीतल्या अरेझ्झो गावी सापडली. त्यात या चाळिसाव्या दिवसाचं वर्णन आहे: मोठी मिरवणूक आणि ईस्टरसारखा थाट. तेव्हा तिथे येशूजन्म सहा जानेवारीला मानत, म्हणून चाळिसावा दिवस चौदा फेब्रुवारीला पडे, आणि आर्मेनियन चर्चमध्ये अजूनही चौदालाच पडतो. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने कॉन्स्टँटिनोपलमध्ये दोन फेब्रुवारी पक्की केली. रोममध्ये सातव्या शतकाच्या शेवटी पोप पहिला सर्जियस याने मिरवणूक सुरू केली, मेणबत्त्या आशीर्वादित करण्याचा विधी त्यानंतरचा. १९६९ च्या सुधारित दिनदर्शिकेत सणाचं नाव बदलून 'प्रभूचं मंदिरात समर्पण' झालं. विटाळ मागे पडला, बाळ पुढे आलं. पूर्वेकडच्या चर्चमध्ये तो आधीपासूनच बाळाचा होता.

सकाळी निघालो. डहाणूहून चारोटी नाक्यावर आलं की महामार्ग लागतो, उजव्या हाताला महालक्ष्मीचा सुळका दिसत राहतो. रस्त्याकडेला चिकूच्या करंड्या. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. फळ मूळचं मेक्सिकोकडचं, बागा बऱ्याचशा इराणी आणि पारशी कुटुंबांच्या, झाडावर चढणारे वारली. पश्चिमेला, बोर्डीच्या मागे, बाहरोटचा डोंगर. संजाणचा पाडाव झाल्यावर पारशांनी आपला इराणशाह अग्नी तिथल्या लेण्यांत बारा वर्षं लपवून तेवत ठेवला, अशी त्यांची परंपरा सांगते. मेणबत्त्यांच्या सणाला जाताना या डोंगराला वळसा घालून जावं लागतं. माझ्या मते या किनाऱ्याचा खरा इतिहास अशा कुणी ना कुणी जपून नेलेल्या आगींचा आहे, पण ते लिहायचं तर वेगळा प्रवास करावा लागेल.

तलासरी तालुका महाराष्ट्राच्या पार टोकाला. एका बाजूला गुजरात, दुसऱ्या बाजूला दादरा-नगर हवेली. नाक्यावर लाल बावटे दिसतात. २३ मे १९४५ रोजी झरी गावात, जे आता याच तालुक्यात आहे, हजारो वारल्यांची सभा भरली आणि वेठीला जायचं नाही असं ठरलं. गोदावरी आणि शामराव परुळेकर या कम्युनिस्ट जोडप्याचं नाव त्या उठावाशी कायमचं जोडलं गेलं. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज काढायचं आणि त्यापोटी नवराबायकोने जन्मभर त्याच्याकडे राबायचं, ही लग्नगड्याची रीत त्या उठावाने मोडली. डहाणू विधानसभेची जागा २०१९ आणि २०२४ मध्ये मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाकडेच गेली. तलासरी गावातच येशूसंघीय धर्मगुरूंचं 'ज्ञानमाता सदन' आहे, शाळा आणि वसतिगृहासह. हिंदू संघटनांची वसतिगृहंही आहेत. वारल्यांच्या पोरांना शिकवण्याची चढाओढ इथे तीनतीन बाजूंनी चालली, तिच्यात कडवटपणाही बराच होता. धर्मांतराच्या प्रश्नावर या गावात ज्याला विचाराल तो वेगळा तलासरी सांगेल. माझं एवढंच निरीक्षण: ज्यांना विचारायला हवं ते वारली या वादात फार कमी बोलतात.

तालुक्यातल्या एका लहानशा प्रार्थनामंदिरात मिस्सा होती. नाव सांगत नाही, कारण मला आत घेतलं ते पाहुणा म्हणून, पत्रकार म्हणून नव्हे. हा सगळा भाग वसई धर्मप्रांतात येतो, जो १९९८ मध्ये मुंबईपासून वेगळा झाला. म्हणून मिस्सा मराठीत. या दिवशी लोक थेट आत जाऊन बसत नाहीत. बाहेर अंगणात जमतात. मेणबत्त्या वाटल्या जातात, साध्या पांढऱ्या, किराणा दुकानात मिळतात तशाच. पूर्वी त्या मधमाशांच्या मेणाच्याच असाव्या लागत. एकीवरून दुसरी पेटवत गेले, वाऱ्याने निम्म्या विझल्या, पुन्हा पेटल्या. वसतिगृहातली मुलं मुद्दाम शेजाऱ्याची फुंकत होती आणि सिस्टर डोळे वटारत होत्या. पांढऱ्या झग्यातल्या धर्मगुरूंनी प्रार्थना म्हणून पवित्र पाणी शिंपडलं आणि गात गात सगळे आत गेले. विधी म्हणाल तर एवढाच, बाकी नेहमीची मिस्सा.

पण त्या नेहमीच्या मिस्सेत एक गोष्ट वेगळी होती. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९७ पासून हा दिवस जगभरच्या व्रतस्थांचा दिवस म्हणून नेमून दिला, म्हणजे सिस्टर, ब्रदर आणि संघीय धर्मगुरूंचा. बाळ देवाच्या नावे केलं गेलं, तसंच यांनीही स्वतःला केलेलं. प्रवचनानंतर सिस्टर पुढे आल्या, हातात मेणबत्ती धरली आणि दारिद्र्य, ब्रह्मचर्य व आज्ञापालनाची व्रतं पुन्हा उच्चारली. त्यातल्या एक केरळच्या असाव्यात, मराठीवर मल्याळीची छटा होती. दुसऱ्या वसईकडच्या. तिसऱ्या इथल्याच एका पाड्यावरच्या, आणि त्यांची आई माझ्या पुढच्या रांगेत बसलेली. तिने मेणबत्ती शेवटपर्यंत विझू दिली नाही, मेणाचे थेंब बोटांवर पडत होते तरी. शिमोनचं तलवारीचं वाक्य नुकतंच वाचून झालं होतं. लेक संघाला दिलेल्या आईला ते कसं ऐकू येत असेल, याचा अंदाज मला करता आला नाही.

नंतर चहा झाला. उरलेल्या मेणबत्त्या लोक घरी नेतात. मोठं वादळ झालं, विजा कडाडल्या, घरात कुणी अखेरच्या घटका मोजत असेल, तर ही आशीर्वादित मेणबत्ती लावायची, अशी कॅथलिक घरांतली जुनी रीत. एका आजींना मी विचारलं की रात्री लाइट गेली तर लावता का? "त्याला बॅटरी आहे ना," त्या म्हणाल्या. दुसरी एक जुनी रीत इथे नाही: नाताळचा गोठा या दिवसापर्यंत मांडून ठेवायचा आणि मग आवरायचा. इथला गोठा जानेवारीतच आवरला होता, शाळेला वर्ग हवा होता म्हणून.

जगात या दिवसाचं काय काय झालं ते पाहिलं तर गंमत वाटते. फ्रान्समध्ये लोक गोल पातळ धिरडी करून खातात. मेक्सिकोत सहा जानेवारीच्या गोड पावात ज्याला लपवलेली बाळाची बाहुली सापडते त्याने दोन फेब्रुवारीला सगळ्यांना तामाले खाऊ घालायचे. अमेरिकेत बिळातल्या ग्राउंडहॉगला बाहेर काढून त्याची सावली पाहतात आणि थंडी किती उरली ते ठरवतात, ज्याच्या मुळाशी जर्मन शेतकऱ्यांची याच सणाची हवामानाची म्हण आहे. पण मला सर्वांत जवळचा वाटला तो ब्राझीलमधल्या साल्वादोर शहराचा दोन फेब्रुवारी. तिथल्या रियो वेर्मेल्यो वस्तीतले कोळी १९२० च्या दशकापासून या दिवशी फुलं, अत्तरं, आरसे होड्यांतून नेऊन समुद्रात सोडतात, येमांजा नावाच्या सागरदेवीसाठी. आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्यांनी ही देवी सोबत आणली आणि मालकांच्या मरियेआड जपली. पोर्तुगीजांनी दिलेला वार, कोळ्यांनी आपल्या दर्याला वाहिलेला. धाकटी डहाणूच्या मावशींना हे मी फोनवर सांगितलं, तर त्यांचा पहिला प्रश्न होता: नारळ मिळतो का तिकडे? मिळतो.

दुपारी वापीवरून दमणला पोचलो. महामार्ग सोडल्यापासून बारा किलोमीटर, आणि सीमा लागताच दारूच्या दुकानांची रांग. दमणगंगेच्या उत्तरेला नानी, म्हणजे धाकटी दमण, दक्षिणेला मोटी, म्हणजे थोरली दमण. नावावर जाऊ नका, गर्दी आणि बाजार सगळा नानीत. मोटीत किल्ला, सरकारी कचेऱ्या, चर्च आणि शांतता.

हा किल्ला आणि हा सण यांचं नातं मला इथे आणणारं. २ फेब्रुवारी १५५९. पोर्तुगीज व्हाइसरॉय दों कोन्स्तान्तिनु द ब्रागांसा मोठं आरमार घेऊन आला आणि त्याने सिद्दी सरदाराच्या ताब्यातून दमण घेतलं. दिवस मरियेच्या शुद्धीकरणाचा. पोर्तुगीजांना अशा योगांचं भारी वेड. १५१० मध्ये आल्बुकेर्कने गोवा घेतलं तो २५ नोव्हेंबर, संत कॅथरिनचा दिवस, म्हणून गोव्याचं सर्वांत मोठं चर्च तिच्या नावाचं. पंचांग बघून तोफा डागत नसावेत, पण डागल्यावर पंचांग जरूर बघत. दमण हातात आल्यावर डहाणू, तारापूर ही ठाणी दमणच्या अखत्यारीत गेली, आणि धाकटी डहाणूच्या खाडीत शिरणाऱ्या गलबतांवरही पोर्तुगीजांची नजर बसली. ती उठवली चिमाजी अप्पांच्या मोहिमेने. जानेवारी १७३९ मध्ये तारापूर पडलं, मे महिन्यात वसई. दमण मात्र पोर्तुगीजांकडे राहिलं, ते १९ डिसेंबर १९६१ पर्यंत.

दहा बुरुजांचा तट. दरवाजातून आत शिरलं की बों जेझुश चर्च, १६०३ चं, आतली लाकडी वेदी सोन्याच्या मुलाम्याने मढवलेली. समोर बागेच्या पलीकडे रोझरीचं छोटं प्रार्थनामंदिर, तिथलं कोरीवकाम याहून सरस, असं माझं मत. इथे वसईचं धर्मक्षेत्र संपलेलं असतं, हा भाग गोवा-दमणच्या आर्चबिशपांकडे. तलासरीपासून तासाभराच्या अंतरावर आणि कारभार गोव्याचा! किल्ल्याच्या आसपास काही घरांत पोर्तुगीजच्या वळणाची घरबोली अजून बोलली जाते. दोन म्हाताऱ्या बायकांचं बोलणं मी ऐकलं, कळलं काही नाही.

संध्याकाळच्या मिस्सेत इथेही मेणबत्त्या. चांगल्या, जाड, कागदी वाटी अडकवलेल्या, मेण हातावर न पडणाऱ्या. विधी तोच, वाचन तेच. लूकच्या त्याच ओळी, होल्यांची जोडी. ब्रागांसाने त्या सकाळी हेच वाचन ऐकलं असणार, लॅटिनमध्ये. पुढच्याच वर्षी त्याच्या कारकिर्दीत गोव्यात इन्क्विझिशनचं धर्मन्यायालय सुरू झालं. श्रीलंकेतल्या जाफन्याहून लुटून आणलेला, बुद्धाचा म्हणून पूजला जाणारा दात ब्रह्मदेशातल्या पेगूच्या राजाने मोठी रक्कम देऊन मागितला, तेव्हा या व्हाइसरॉयने तो गोव्यात जाहीरपणे कुटून जाळून नष्ट करवला. 'सगळ्या राष्ट्रांना उजेड' या शब्दांचा अर्थ त्याने तसा लावला. त्या सणाचा मालक मी त्याला मानत नाही. ज्यांच्याकडे कोकरू नव्हतं त्यांच्या गोष्टीवर किल्ल्याचा शिक्का मारणं म्हणजे सातबाऱ्यावर दुसऱ्याच्या जमिनीची नोंद आपल्या नावे करून घेण्यासारखं आहे, आणि डहाणू-तलासरीत हा प्रकार काय असतो ते कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

नदी ओलांडून नानी दमणला गेलो. सेंट जेरोमच्या लहान किल्ल्यात 'सागरमातेचं' चर्च आहे, नोसा सेन्योरा दु मार. किल्ल्याबाहेर धक्क्यावर कोळ्यांच्या बोटी लागलेल्या. जाळं विणत बसलेल्या एका म्हाताऱ्या कोळीबाबांना मी आजच्या तारखेचं महत्त्व विचारलं. ते हिंदू होते, गुजराती मिसळलेल्या हिंदीत बोलत होते. दोन फेब्रुवारीला दमणमध्ये काय झालं होतं हे त्यांना माहीत नव्हतं, आणि माहीत असायचं कारणही नव्हतं. वाढवणच्या बंदराबद्दल मात्र सगळं माहीत होतं, किती हेक्टर समुद्र भरणार इथपासून.

परत फिरताना मोटी दमणच्या सचिवालयासमोरून रिक्षा गेली. संध्याकाळ झाली तरी खिडक्यांत दिवे होते, लोक कागद घेऊन उभे होते. रिक्षावाल्याला म्हटलं, आज सुट्टी नाही वाटतं. तो म्हणाला, आज कसली सुट्टी? सुट्टी एकोणीस डिसेंबरला.